दिवसाची गाडी

रेल्वे फाटकात अडकलं की माणसं घड्याळ बघतात, चडफडतात, फोन काढून बसतात. खोपकर काकू पदर सारखा करून, पर्स मांडीवर घेऊन, नाटकाची तिसरी घंटा झाल्यासारख्या सावरून बसायच्या. आमच्याकडच्या मालगाड्या एकदा यायला लागल्या की संपायचं नाव घेत नाहीत. कंटेनर, मोटारी भरलेले बंद डबे, टँकर, पुन्हा कंटेनर. मागचा कुणीतरी वैतागून हॉर्न वाजवायचा. काकू मान वळवून त्याच्याकडे बघायच्या आणि शुद्ध मराठीत म्हणायच्या, "थांब की बाबा. आपलीच आहे."

यातलं 'आपली' हे प्रेमाने म्हटलेलं नव्हतं, म्हणजे प्रेम होतंच, पण मुद्दा मालकीचा होता. अमेरिकेतल्या सिनसिनाटीपासून थेट टेनेसीतल्या चॅटनूगापर्यंत जाणारा तो लोहमार्ग खरोखरच सिनसिनाटी शहराच्या मालकीचा होता. शहराचा, म्हणजे शहरातल्या नागरिकांचा, म्हणजे काकूंचा, अशी त्यांची सरळ मांडणी होती. मार्ग भाडेपट्ट्याने दिलेला होता, त्यावर गाड्या दुसऱ्याच कंपनीच्या धावायच्या, पण घर भाड्याने दिलं म्हणून काही ते भाडेकरूचं होत नाही, असं त्या मला ऐकवायच्या. मी त्यांची भाडेकरूच असल्यामुळे गप्प बसायचे.

मी २००२ साली अकोल्याहून तिथल्या विद्यापीठात एम.एस. करायला आले आणि पीएच.डी. करून उठले. ती सगळी वर्षं काकूंच्या घराच्या वरच्या मजल्यावर काढली. खोली बघायला गेले तेव्हा मी तयारीत होते. स्वयंपाकाचा वास, मित्रमंडळी, कपडे धुण्याचे वार, अशी सगळी उत्तरं पाठ केली होती. काकूंनी त्यातलं एकही विचारलं नाही. "अकोल्याहून खांडव्याला अजून मीटर गेजच आहे का गं?" एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं. मी आपली कॉलेजची चार वर्षं पुण्याला रातराणी बसने येत-जात होते. काकूंनी खोली दिली, पण पुढे कितीतरी दिवस कुणाशीही माझी ओळख करून देताना त्या "ही वर्षा, बसवाली" असं म्हणायच्या.

काकू मनमाडच्या. वडील रेल्वेत गार्ड, बालपण सगळं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. रात्री गाडीचा आवाज आला नाही तर जाग यायची, असं त्या सांगत. उंच, किडकिडीत अंगकाठी, साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि आवाज असा की फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या हमालाला इथून हाक मारावी. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात त्यांची नोकरी गेली होती. मोटार चालवायला त्या कधी शिकल्या नाहीत. अमेरिकेत चाळीस वर्षं राहून ड्रायव्हिंग न येणारी बाई मी त्यांच्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. काका होते तोवर काका न्यायचे. ते गेले, त्यानंतर वर्षभरातच मी आले, आणि ते काम आपोआप माझ्याकडे आलं.

ते काम सोपं नव्हतं. काकूंना डावं-उजवं ठाऊक नव्हतं असं नाही, पण रस्ता सांगताना त्या 'अप' आणि 'डाऊन' असंच सांगायच्या. घराकडे यायचं ते अप, घरापासून जायचं ते डाऊन. "आता डाऊनला घे," असं भर चौकात कानाशी ओरडल्या की माझा पाय थेट ब्रेकवर जायचा. एकदा मी कळवळून म्हटलं, "काकू, प्लीज, लेफ्ट की राइट तेवढं सांगा ना." तर म्हणाल्या, लेफ्ट-राइट आपण कुठे तोंड करून बसलोय त्यावर बदलतं, अप-डाऊन बदलत नाही.

भारतातून कुणी पाहुणा आला की काकू त्याला आपली रेल्वे दाखवायला नेत. २००५ साली माझे आईबाबा आले, तेव्हा त्यांनाही ते चुकलं नाही. बाबांच्या डोक्यात नायगारा होता. त्यांना पहिल्याच रविवारी एका उड्डाणपुलावर, वाऱ्यात, खाली मालगाड्यांचं यार्ड बघत उभं राहावं लागलं. आणि काकूंनी इतिहास सुरू केला. तो मी इतक्यांदा ऐकलाय की आता झोपेतही सांगेन.

पूर्वी सगळा व्यापार नदीतून चालायचा आणि ओहायो नदीवरच्या शहरांमध्ये सिनसिनाटीचा रुबाब मोठा होता. मग आगगाड्या आल्या आणि माल नदी सोडून रुळांवर गेला. दक्षिणेत माल पाठवायचा तर शेजारच्या शहराच्या रेल्वेवर अवलंबून राहायचं, आणि शेजारी तो शेजारीच. त्यांनी माल अडवून ठेवावा आणि यांनी हात चोळत बसावं. यादवी युद्ध संपून दक्षिणेचा बाजार पुन्हा उघडला होता आणि रस्ताच नव्हता. एखाद्या कंपनीला पैसे देऊन रेल्वे बांधून घ्यावी, तर शहराने खाजगी कंपनीत पैसे घालू नयेत, असं राज्याच्या घटनेतच लिहिलेलं. तेव्हा एका वकिलाच्या डोक्यात आलं की कंपनीला पैसे देता येत नाहीत ना, मग शहरानेच रेल्वे बांधावी, तसं करू नका असं कुठे लिहिलंय?

इथे काकू थांबायच्या. ऐकणाऱ्याने "वा" म्हणावं अशी अपेक्षा असायची. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले, नियमातली फट कळण्याइतके तयार. ते मनापासून "वा" म्हणाले.

"पण रेल्वे जायची होती केंटकीतून," काकू पुढे निघाल्या. दुसऱ्या राज्यातून, आणि तिथून पुढे तिसऱ्या राज्यात. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या नगरपालिकेने कर्नाटक ओलांडून पार मद्रासपर्यंत स्वतःची रेल्वे टाकायची म्हटल्यासारखं. केंटकीच्या विधिमंडळाने नाही म्हटलं. यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. लोकांनी मतं दिलेली, पैसे उभे राहायची सोय झालेली, आणि परवानगी नाही. तरी शहर मागतच राहिलं. शेवटी हो म्हणाले. मग डोंगर फोडून बोगदे केले, केंटकी नदीवर तेव्हा कुणी पाहिला नव्हता एवढा उंच पूल घातला, आणि उत्तर आणि दक्षिण जोडली.

"मागायची लाज धरली असती, तर हे शहर आज म्युझियममध्ये असतं," हा काकूंचा समारोप. बाबा म्हणाले की आमच्याकडे नळाला वेळेवर पाणी आलं तरी लोक पेढे वाटतात. नंतर नायगाराला जाऊन आल्यावरही ते अकोल्यात लोकांना या रेल्वेचंच सांगत होते म्हणे.

काकूंच्या नागरिकत्वाची गोष्टही याच चालीवरची. काकांनी अमेरिकेचं नागरिकत्व लवकर घेतलं. काकूंनी कितीतरी वर्षं घेतलं नाही. वडिलांना वाईट वाटेल, माहेर तुटेल, अशी त्यांची कारणं होती आणि ती खरी होती. एक दिवस लॅबमधल्या कुणीतरी बोलता बोलता म्हटलं की रेल्वे सिटिझन्सची आहे, रेसिडेंट्सची नव्हे. हे कायद्याने कितपत बरोबर होतं कोण जाणे. पण काकू घरी आल्या त्या फॉर्म कुठे मिळतो हे विचारतच. शपथविधीला त्यांनी पैठणी नेसली होती. काका पुढे जन्मभर लोकांना सांगायचे, "माणसं नोकरीसाठी देश बदलतात, हिने रेल्वेसाठी बदलला."

हे सगळं वेड गमतीचं वाटावं असंच होतं, आणि मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटलं. आमच्या शहरात अर्ध्या घुमटाचं एक भव्य जुनं स्टेशन आहे, तिथे आता म्युझियम केलंय. काकू महिन्यातून एकदा मला तिथे न्यायला लावायच्या. तिकीट काढून आत काही बघायच्या नाहीत. घुमटाखालच्या बाकावर बसायच्या, बरोबर आणलेल्या थर्मासमधला चहा प्यायच्या. तिथे एकदा मी म्हटलं की काकू, नुसतं बसायचं तर घरी काय वाईट. तेव्हा त्यांनी सांगितलं.

लग्न होऊन दोघं अमेरिकेत आली, तेव्हा काकांना नोकरी मिळाली चॅटनूगाच्या एका गिरणीत, रंगाच्या कामात. काकूंना मिळाली सिनसिनाटीच्या हॉस्पिटलात. दोन्ही सोडण्यासारख्या नव्हत्या. तेव्हा आपल्या रेल्वेवर माणसांच्या गाड्या चालत. एका शुक्रवारी काका इकडे यायचे, पुढच्या शुक्रवारी काकू तिकडे जायच्या, रात्रीच्या गाडीने. एक जण गाडीत आणि दुसरा फलाटावर, असा तो संसार. "आम्ही दोघं एका गाडीत कधी बसलोच नाही गं," काकू म्हणाल्या. "एकाने उतरायचं आणि दुसऱ्याने घ्यायला यायचं."

केंटकी नदीवरचा तो उंच पूल दोघांनाही ठाऊक होता तो आवाजाने. गाडी पुलावर आली की चाकांचा आवाज पोकळ व्हायचा. काकूंना जाग यायची, खिडकीला नाक लावलं तरी काळोखाशिवाय काही दिसायचं नाही. काकांचंही तेच. मग रविवारी दुपारी जेवताना न पाहिलेल्या पुलाच्या गप्पा. किती उंच असेल, खाली पाणी कसं असेल. काका म्हणायचे, एकदा रजा काढू आणि दिवसाच्या गाडीने दोघं मिळून जाऊ. रजा मिळायची तेव्हा पैसे नसायचे, पैसे असायचे तेव्हा रजा नसायची. मग काकांना सिनसिनाटीत नोकरी मिळाली, नीताचा जन्म झाला, जायचं राहूनच गेलं. आणि एक दिवस त्या मार्गावरची माणसांची गाडीच बंद झाली.

मी अगदी बसवाल्या अकलेने विचारलं, "मग मोटारने जाऊन बघायचा ना पूल? दीड-दोन तासांवर तर आहे."

"मोटारने जाऊन पूल बघता येतो," काकू म्हणाल्या. "आम्हाला पुलावरून जायचं होतं."

त्यानंतर मी त्यांची चेष्टा कमी केली. एकदम बंद केली असं नाही, ते त्यांनाही आवडलं नसतं.

काका गेल्यावर काकूंनी एक नेम धरला. शहराच्या वतीने ही रेल्वे सांभाळणारं एक विश्वस्त मंडळ होतं आणि त्याच्या बैठकीत कुणाही नागरिकाला उठून दोन मिनिटं बोलता यायचं. काकू दर वर्षी जाऊन बोलत. मी मागच्या खुर्चीवर, मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. मागणी एकच असायची. वर्षातून एक दिवस, दिवसाउजेडी, या रुळांवरून एक गाडी सोडा जिच्यात मालकांना बसता येईल. आपल्या पुलाचं, काकांचं अवाक्षरही त्या तिथे काढायच्या नाहीत. शहरातल्या पोरांना बघू दे, म्हाताऱ्यांना बघू दे, असं सगळं बोलणं लोकांसाठी. मंडळाचे अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, फार अदबशीर गृहस्थ होते. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि सांगायचे की मार्ग आपला असला तरी गाड्या आपल्या नाहीत, हे आमच्या हातात नाही. मग लाडू घ्यायचे आणि दारापर्यंत पोचवायला यायचे. काकू अजिबात खट्टू व्हायच्या नाहीत. केंटकीने तरी पहिल्यांदा कुठे हो म्हटलं होतं, असं म्हणून घरी येऊन पुढच्या वर्षीच्या भाषणाचा विचार सुरू करायच्या.

तिकडे पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूहून मुलीचे, नीताचे फोन यायचे. तिने आईसाठी खालच्या मजल्यावर खोली तयार करून ठेवली होती. काकूंचे गुडघे गेले होते, जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. स्पीकरवर नीताचा आवाज मला वरपर्यंत ऐकू यायचा. "आई, इट्स अ फ्रेट लाइन. नोबडी राइड्स इट. व्हॉट आर यू वेटिंग फॉर?" काकू मराठीत उत्तर द्यायच्या, "एकदा जाऊन आले की येते." नीता चांगली मुलगी होती, रागवायची ती काळजीने. शेवटी २००७च्या दिवाळीत काकूंनी तिला शब्द दिला की पुढच्या उन्हाळ्यात घर विकून येते. त्या वर्षीची बैठक त्यांची शेवटची, हे त्यांनी मंडळालाही सांगून टाकलं. तेवढं एकच वाक्य स्वतःबद्दल बोलल्या.

एप्रिलमध्ये फोन आला. शनिवारची सकाळ होती, मी खाली स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. अध्यक्ष स्वतः बोलत होते. काकूंनी ऐकता ऐकता फोनवर हात ठेवून मला घाईघाईने सांगितलं की मार्गाची पाहणी करायला एक खास गाडी जाणार आहे, थेट चॅटनूगापर्यंत, दिवसा. बसायच्या डब्यात एक जागा आहे. तुम्ही याल का, असं विचारताहेत.

मग त्यांनी फोन कानाला लावला आणि हसून म्हणाल्या, "ओह नो नो, प्लीज. व्हाय ट्रबल फॉर मी? गिव्ह इट टु समवन यंगर."

आणि थांबल्या. चेहऱ्यावर ते हसू तसंच होतं. ताटात आणखी एक पोळी वाढायला आलेल्या माणसापुढे हात आडवा करताना आपल्या लोकांच्या चेहऱ्यावर असतं ना, अगदी ते. पोळी हवी असते. वाढणारा आणखी एकदा म्हणणार हेही माहीत असतं. पलीकडून दोन वाक्यं आली असावीत. काकू "थँक यू, थँक यू" म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

त्यांनी तो कानापासून काढलाच नाही. मी पोह्याचा हात तसाच धरून बघत राहिले.

"त्यांनी पुन्हा विचारलंच नाही गं," त्या म्हणाल्या.

मला रडू यायला लागलं, आणि रागही आला. नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी पोराला जेवायला बोलावून हीच बाई पहिला धडा द्यायची की अमेरिकेत पहिल्यांदा विचारलं की लगेच हो म्हणायचं, इथे आग्रह करत नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी तसंच केलं होतं. ऑफिसात, शेजारात, मुलीच्या सासरीसुद्धा. लोकांसाठी मागताना त्यांना कधी लाज वाटली नाही, आणि स्वतःसाठी कुणी न मागता पुढे केलं, तेव्हा मनमाडची मुलगी आडवी आली. मी म्हटलं, "काकू, आत्ताच्या आत्ता परत फोन लावा, मी लावू का?" तर म्हणाल्या, शनिवार आहे, त्यांच्या घरचा वेळ आहे, असं मागे लागू नये. सोमवारी सकाळी मात्र त्यांनी स्वतः लावला. जागा एका निवृत्त शिक्षिकेला दिली होती. तिने पहिल्याच वाक्यात हो म्हटलं असणार. काकू म्हणाल्या, "व्हेरी गुड, व्हेरी गुड," आणि गाडी पुलावर साधारण कधी येईल तेवढं विचारून घेतलं.

गाडी जायच्या दिवशी त्यांनी दशम्या केल्या, दाण्याची चटणी घेतली आणि पैठणी नेसून मोटारीत येऊन बसल्या. मी पुढच्याच आठवड्यात नोकरीसाठी जर्सी सिटीला निघणार होते, आणि महिन्याभरात त्या बेलव्ह्यूला. पुढे फोनवर बोलणं होत राहिलं, पण मला दिसल्या त्या शेवटच्या याच दिवशी, म्हणून माझ्या लेखी काकू अजून तिथेच आहेत.

नदी ओलांडली, केंटकीतली घोड्यांची कुरणं लागली, लांबच लांब पांढरी कुंपणं. काकू अप-डाऊन काही बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या की अध्यक्ष खिडकीशी असले तर त्यांना हात करायला हवा, नाहीतर रागावलेय असं वाटेल. पुलाच्या टोकाशी एक लहानशी बाग आहे, तिथे कठड्याशी जाऊन आम्ही उभ्या राहिलो. समोर दरी, दोन्ही बाजूंना पांढरट उभे कडे, खूप खाली नदी, आणि या कड्यापासून त्या कड्यापर्यंत तो पूल. मीही पहिल्यांदाच बघत होते. दशम्या मोटारीतच राहिल्या.

गाडी आली ती आधी आवाजाने कळली. मग इंजिन, मागे चार-पाच चकचकीत डबे, मोठ्या काचा, काचांमागे हातात कप घेतलेली माणसं. पुलावर शिरताच चाकांचा आवाज बदलला, खोल आणि पोकळ झाला. एका खिडकीतून पांढऱ्या केसांच्या माणसाने हात हलवला. मी हलवला. काकूंनी हलवला नाही. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि त्या गाडीकडे बघतच नव्हत्या. पुलाच्या खांबावरून खाली पाण्यापर्यंत, आणि पाण्यापासून पुन्हा वर, अशी त्यांची नजर सावकाश फिरत होती.

शेवटचा डबा पलीकडच्या झाडीत गेला. आवाज बराच वेळ दरीत राहिला आणि मग तोही गेला. मला वाटलं आता निघावं, म्हणून मी काकूंच्या कोपराला हात लावणार, एवढ्यात त्या बोलल्या. माझ्याशी नाही. समोर, पुलाकडे तोंड करून, घरात बोलावं तशा साध्या आवाजात.

"अहो, बघितला. फार उंच आहे."

मी हात मागे घेतला आणि मोटारीपाशी जाऊन दार उघडून उभी राहिले. काकू अजून कठड्याशीच होत्या. पाणी हिरवं आहे, म्हणत होत्या, आणि खाली एक छोटी नाव दिसते, आणि त्या अजून सांगतच होत्या.